मुकादम म्हणे

दहावीच्या इंग्रजीच्या पेपरात 'डू ॲज डायरेक्टेड' म्हणून एक प्रश्न असतो. त्यात एखादं वाक्य डायरेक्ट स्पीचमधून इनडायरेक्टमध्ये करायला येतं. खापरखेड्यात मी बरीच वर्षं शिकवणी घेतो आणि हा भाग मी आनंदाने शिकवतो, कारण तो पटकन शिकवून होतो. अवतरणचिन्हं काढा. 'दॅट' घाला. काळ एक पायरी मागे न्या. 'आय'चा 'ही' करा, 'नाऊ'चं 'देन', 'हिअर'चं 'देअर', 'टुमॉरो'चं 'द नेक्स्ट डे'. मुलं यंत्रासारखी करतात आणि मार्क मिळवतात.

आमच्या खोलीच्या खिडकीतून वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात. 210 मेगावॉटचे चार संच आणि 500चा एक, असं 1340 मेगावॉटचं केंद्र. शिकवणीला येणाऱ्या बहुतेक मुलांचे वडील केंद्रात, कोळशाच्या खाणीत किंवा या दोन्हींच्या आजूबाजूला जी ठेकेदारी वाढते तिच्यात कुठेतरी असतात. घरी वऱ्हाडीकडे झुकलेली नागपुरी, शाळेत पुस्तकी मराठी, बाजारात हिंदी आणि पेपरात इंग्रजी. एकाचं बोलणं दुसऱ्याच्या भाषेत सांगायची सवय या मुलांना लहानपणापासून असते, तिला ती व्याकरण म्हणत नाहीत इतकंच.

आज्ञार्थी वाक्यं आली की मात्र यंत्र अडखळतं. तिथे 'सेड टू' चालत नाही. ऑर्डर्ड, रिक्वेस्टेड, ॲडव्हाइज्ड, वॉर्न्ड यांपैकी एक क्रियापद निवडावं लागतं. एकदा मी फळ्यावर 'दार लाव' असं एक वाक्य दिलं. एका मुलीनं 'ऑर्डर्ड' लिहिलं, तिच्या शेजारणीनं 'रिक्वेस्टेड'. बरोबर कोणाचं, असं दोघींनी विचारलं. मी म्हणालो, दोन्ही चालेल. त्यावर पहिली म्हणाली, "पण सर, तो कसा बोलला ते तर लिहिलंच नाही. मग आपण कुठून ठरवायचं?"

मी पुढच्या वाक्याकडे गेलो. उत्तर येत नव्हतं असं नाही. ते त्याआधी काही वर्षांपूर्वी मी एकदा चुकवलं होतं, आणि तिथे मार्कांचा प्रश्न नव्हता.

आमच्या गल्लीत एक काका राहत. राखेच्या विटा करणाऱ्या एका छोट्या कारखान्यात कामाला होते. वीज केंद्र म्हटलं की राख आली, आणि राख आली की तिच्या विटा आल्या. सिमेंट, चुरी आणि राख कालवून प्रेसखाली साच्यात दाबतात. एका संध्याकाळी साच्यात माल अडकला. मशीन बंद न करता तो हाताने काढताना काकांची उजव्या हाताची दोन बोटं गेली. दवाखान्यातून आल्यावर ते हाताला पट्टी बांधून माझ्याकडे आले. अर्ज लिहायचा होता. म्हणाले, इंग्रजीत लिहा सर, इंग्रजीत असलं का वजन पडते.

मी कागद घेतला आणि ते सांगायला लागले. बरंच सांगितलं. त्यातला नेमका भाग असा होता: "माल अटकला. मी मुकादमाले म्हटलं, मशीन बंद करा. मुकादम म्हणे, हात पाहून काढ बे, अन् लवकर काढ, गाडी उभी हाये. मंग मी हात टाकला."

मी लिहिलं की मी सुपरवायझरला मशीन बंद करण्याची विनंती केली होती आणि सुपरवायझरने मला हात सांभाळण्याबाबत 'हॅड वॉर्न्ड', म्हणजे बजावलं होतं. भूतकाळाच्या आधीचा भूतकाळ, अगदी नियमाप्रमाणे. वाक्य चांगलं झालं म्हणून मी मनात खूशही झालो. काकांना वाचून दाखवलं नाही. काय वाचून दाखवणार, ते इंग्रजीत होतं. त्यांनी डाव्या हाताने अंगठा दिला.

पुढे तडजोडीच्या बैठकीत मालकाच्या वतीने आलेल्या माणसाने तोच कागद काढला आणि 'वॉर्न्ड' या शब्दावर बोट ठेवलं. तुमच्याच अर्जात लिहिलंय, तुम्हाला बजावलं होतं. तेव्हा लागू असलेल्या 1923च्या नुकसानभरपाई कायद्यात मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. कामावर इजा झाली की भरपाई द्यावी लागते. पण मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं नसेल तर मालकाला काही पळवाटा आहेत. त्यातली एक अशी: सुरक्षिततेसाठी स्पष्टपणे दिलेला हुकूम कामगाराने जाणूनबुजून मोडला असेल तर भरपाई नाही. दोन बोटं म्हणजे पूर्ण अपंगत्व नव्हे. 'बजावलं होतं' हा शब्द 'स्पष्टपणे दिलेला हुकूम' याच्या फार जवळ जातो. न्यायासमोर हा मुद्दा टिकला असता असं मला आजही वाटत नाही. पण तिथपर्यंत प्रकरण गेलंच नाही. काका घाबरले आणि जे मिळालं ते घेऊन मोकळे झाले. ते किती होतं ते सांगण्यासारखं नाही.

त्यांनी मला कधीही काही म्हटलं नाही. त्यामुळे हा प्रश्न माझ्याच डोक्यात राहिला: दुसऱ्याचं बोलणं आपल्या शब्दांत सांगताना आपण नेमकं काय करतो, आणि त्याची जबाबदारी कोणाची?

सुरुवातीला मला सोपं उत्तर सुचलं होतं. चूक इंग्रजीची. मराठीत असतं तर हे झालं नसतं. मराठी माणसाला मुळात इनडायरेक्ट स्पीचची फारशी हौस नाही. 'तो म्हणाला की मी उद्या येतो' असं आपण म्हणतो. इंग्रजी त्या बिचाऱ्याचा 'मी' काढून 'तो' करते, त्याचा 'उद्या' काढून 'दुसरा दिवस' करते. मराठी त्याचं वाक्य आहे तसं उचलून 'की'च्या पुढे ठेवते. संस्कृतातही 'इति' लावून मूळ वाक्य तसंच ठेवायची रीत. गीता घ्या. संजय धृतराष्ट्राला सांगतोय, पण कृष्ण बोलतो तो 'मी' म्हणूनच बोलतो. संजयाने ते इंग्रजी नियमाने सांगितलं असतं तर अख्खी गीता 'त्याने सांगितले की तो सर्वांच्या हृदयात होता' अशी झाली असती.

हे सगळं खरं आहे आणि तरी ते उत्तर लंगडं आहे. एक तर मराठीच्या या सवयीत स्वतःचे खड्डे आहेत. 'सुरेश म्हणाला की मी पैसे घेतले.' पैसे कोणी घेतले? सुरेशने, की हे सांगणाऱ्याने? मराठीत दोन्ही अर्थ निघतात आणि त्यावरून घरं मोडू शकतात. इंग्रजी 'ही' आणि 'आय' वेगळे करून तो घोळ मिटवते. बोलणारा आणि सांगणारा यांच्यात रेघ ओढणं ही कमी सोय नाही.

दुसरं म्हणजे 'म्हणे'. पुण्या-मुंबईच्या मराठीत 'म्हणे' लावलं की सांगणारा अंग काढून घेतो: 'त्याला म्हणे मशीन बंद करायला सांगितलं होतं', म्हणजे असं तो सांगतो, खरं-खोटं देव जाणे. आमच्याकडे 'मुकादम म्हणे' म्हणजे मुकादम म्हणाला, बस्स. त्यात शंका नाही. काकांचं वाक्य जसंच्या तसं लिहून एखाद्या पश्चिमेकडच्या साहेबाकडे पाठवलं असतं तर त्याने काय वाचलं असतं याची मी अनेकदा कल्पना केली आहे. शब्द शाबूत, अर्थ पलटलेला.

तिसरं, मराठीत लिहिलेले सरकारी कागद. पोलिसांत दिलेला जबाब ज्यांनी पाहिला आहे त्यांना त्याची चाल माहीत असते: मी अमुक, वय इतकं, धंदा मजुरी, राहणार अमुक, समक्ष विचारल्यावरून सांगतो की... पुढे सगळा मजकूर 'मी'मध्ये. दिसायला शंभर टक्के डायरेक्ट स्पीच. पण 'सदर इसमाने माझ्याशी हुज्जत घालून अश्लील शिवीगाळ करून जिवे मारण्याची धमकी दिली' असं कोणता मजूर बोलतो? 'मी' त्याचा आणि बाकी सगळं लिहून घेणाऱ्याचं. इंग्रजी नियम निदान माणसाचा 'मी' उघडपणे काढून घेतो. हा जबाब त्याचा 'मी' ठेवून त्यात दुसऱ्याचा आवाज भरतो. दोन्हींत मला हा प्रकार जास्त भीतीदायक वाटतो.

न्यायालयाला ही अडचण माहीत आहे असं दिसतं. 1973च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत सत्र न्यायालयापुढची साक्ष साधारणपणे सलग निवेदनाच्या रूपात उतरवावी असं म्हटलं होतं, मात्र न्यायाधीशाला वाटलं तर प्रश्नोत्तरं जशीच्या तशी घेता येतात. उतरवलेली साक्ष साक्षीदाराला वाचून दाखवायची, आणि त्याने चूक दाखवली तर दुरुस्त करायची किंवा निदान त्याचा आक्षेप नोंदवायचा. 2024च्या जुलैपासून लागू झालेल्या नव्या संहितेतही ही व्यवस्था कायम आहे. म्हणजे कायदा सांगतो की दुसऱ्याचं बोलणं तुमच्या शब्दांत घ्या, पण मग ते त्याला ऐकवा. मी नेमकं हेच केलं नव्हतं.

पण ऐकवल्याने तरी किती होतं? आमच्या भागात याचा एक मोठा नमुना आहे. औष्णिक केंद्रासारखा प्रकल्प उभारायचा किंवा वाढवायचा तर पर्यावरण परवानगीच्या आधी लोकांची जनसुनावणी घ्यावी लागते. 2006च्या अधिसूचनेप्रमाणे जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी अध्यक्ष असतो, चित्रीकरण होतं, प्रदूषण नियंत्रण मंडळाचा प्रतिनिधी सारांश लिहितो, आणि तो सभेच्या शेवटी लोकांना स्थानिक भाषेत वाचून दाखवायचा असतो. शेजारच्या कोराडीत 660 मेगावॉटच्या दोन नव्या संचांसाठी मे 2023मध्ये अशी सुनावणी झाली. एका कोणत्या सुनावणीबद्दल मला तक्रार करायची नाही. मला तो प्रकारच व्याकरणाच्या डोळ्यांनी पाहावासा वाटतो.

बाई उठून म्हणते, "इथं राख पडते. आता पन पडून राह्यली." कागदावर येतं: परिसरात राख पडत असल्याबाबत ग्रामस्थांनी चिंता व्यक्त केली. 'इथं' गेलं, कारण कागद जिथे वाचला जाणार तिथून ते 'तिथं' आहे. 'आता' गेलं. ती सांगत होती, आणि कागद म्हणतो तिने 'चिंता व्यक्त केली'. सांगितलेली गोष्ट खरी किंवा खोटी असते, ती तपासावी लागते. चिंता तपासावी लागत नाही, तिची नोंद घेतली की झालं. आणि हा सारांश शेवटी त्या बाईला वाचून दाखवला तर ती काय म्हणेल? 'हो, मीच बोलली ना' असंच म्हणेल. वाचून दाखवण्यात एक अट गृहीत धरलेली असते, की ऐकणाऱ्याला दोन क्रियापदांमधला फरक ऐकू येतो आणि तो बोलून दाखवण्याइतकं बळ त्याच्यात आहे. काकांना मी मराठीत सांगितलं असतं, की 'बजावलं होतं' असं लिहितोय, तरी ते म्हणाले असते, तुमी लिवलं ते बरोबरच असन सर.

व्याकरणाच्या पुस्तकात एक अपवाद असतो, तो शिकवताना मी हल्ली थांबतो. सार्वकालिक सत्य असेल तर काळ मागे न्यायचा नाही. 'सर म्हणाले की पृथ्वी सूर्याभोवती फिरते', इथे 'फिरत होती' करायचं नाही. म्हणजे काळ बदलायचा की नाही हे सांगणाऱ्याने ठरवायचं, आणि न बदलता ठेवला तर तो नुसता निरोप्या राहत नाही, त्या म्हणण्याखाली आपलीही सही करतो. पृथ्वीचं सोपं आहे. 'राखेने खोकला होतो' हे सार्वकालिक सत्य धरायचं की त्या दिवशीचं एका बाईचं म्हणणं? पेपरात असं वाक्य येत नाही.

हे काम कोणी नीट केलं आहे का, असं शोधताना मला माणूस सापडला तो आपल्या विदर्भातच, अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला, तेराव्या शतकाच्या अखेरीचा. म्हाइंभट. चक्रधरस्वामींच्या आठवणी त्यांनी प्रत्यक्ष ऐकणाऱ्या-पाहणाऱ्या माणसांकडून, नागदेवाचार्यांच्या देखरेखीखाली गोळा केल्या, तेच लीळाचरित्र. त्यात संवाद संवाद म्हणूनच येतात, सर्वज्ञ काय म्हणाले ते त्यांच्या तोंडून. मूळ प्रत धामधुमीत गेली, तेव्हा नंतरच्यांनी ती आठवणींतून पुन्हा उभी केली, आणि आठवणी जुळल्या नाहीत तिथे एक निवडून बाकीच्या पुसल्या नाहीत. हिराइसांचा पाठ असा, दुसऱ्याचा असा, असं शेजारी शेजारी लिहून ठेवलं. सांगणाऱ्याचं नाव शब्दांना चिकटलेलं राहिलं. माझ्या अर्जात नेमकं हेच नव्हतं. 'वॉर्न्ड' हा माझा पाठ होता, आणि तो काकांच्या अंगठ्याखाली गेला.

रिद्धपूरच्या गोष्टीला आणखी एक शेपूट आहे. केशिराजांनी चक्रधरांची वचनं लीळांमधून वेगळी काढून सूत्रपाठ केला. शब्द तेच राहिले. पण कोणाला, कधी, कशावरून म्हटलं ते सुटलं, म्हणून प्रत्येक सूत्रामागचा प्रसंग सांगणारे ग्रंथ पुढे लिहावे लागले. याच केशिराजांनी एकदा संस्कृतात लिहायची इच्छा दाखवली तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना अडवलं, आपल्या म्हाताऱ्या बायकांचं त्याने नुकसान होईल म्हणून. (अडवलं की विनवलं? क्रियापद माझं आहे.)

सूत्रपाठाचं हे वाचल्यावर मला माझ्या चुकीचा दुसरा भाग दिसला. तोवर मी एका शब्दाबद्दलच हळहळत होतो. वाटायचं, 'वॉर्न्ड'च्या जागी साधं 'सेड' लिहिलं असतं, किंवा मुकादमाचं 'हात पाहून काढ बे' अवतरणचिन्हांत जसंच्या तसं दिलं असतं, तर निभावलं असतं. नसतं निभावलं. 'हात पाहून काढ' हे एकटं वाक्य कुठल्याही भाषेत ताकीदच वाटतं. धर्मराजाने द्रोणांना सांगितलेला शब्दही खोटा नव्हता, अश्वत्थामा नावाचा हत्ती खरंच मेला होता. अवतरणचिन्हं सचोटीची हमी देत नाहीत.

मुकादम दोन गोष्टी म्हणाला होता. हात पाहून काढ, अन् लवकर काढ, गाडी उभी हाये. एका दमात. पहिली दुसरीला खोडत होती, आणि पगार देणाऱ्याचा खरा हुकूम दुसरीत होता. ती मी लिहिलीच नाही. खोडून नव्हे, मला ती महत्त्वाची वाटलीच नाही. व्याकरणाच्या सरावात एका चौकटीत एक वाक्य असतं आणि त्याला एक क्रियापद. मी काकांच्या बोलण्यातून माझ्या चौकटीत बसेल तेवढं उचललं. 'सांभाळ, पण थांबू नकोस' याला इंग्रजीत एक रिपोर्टिंग व्हर्ब नाही. मराठीतही नाही. जगात बहुतेक हुकूम याच जातीचे असतात.

त्यामुळे आता मला वाटतं की दुसऱ्याचं बोलणं सांगणाऱ्यावर शब्द न बदलण्याचं बंधन घालणं पुरेसं नाही आणि शक्यही नाही. शब्द बदलणारच, भाषा बदलते, जागा बदलते, ऐकणारा बदलतो. पण निवडलेलं क्रियापद माझं आहे हे मला माहीत पाहिजे, आणि विचारलं तर कबूल करता आलं पाहिजे. त्याहून अवघड म्हणजे, जे वाक्य मला अनावश्यक वाटतं तेच त्याच्या दृष्टीने मुख्य असेल का, हे त्याला विचारलं पाहिजे. मी काकांना विचारलं असतं, की यातलं काय राहायला नको, तर त्यांनी गाडीचं सांगितलं असतं याची मला खात्री आहे. निदान होती.

गेल्या उन्हाळ्यात त्यांच्याकडे गेलो होतो. आता त्यांचा बाजाराजवळ पानठेला आहे. डाव्या हाताने चुना लावायचं त्यांना चांगलं जमतं. दोन गिऱ्हाइकं उभी होती आणि त्यातल्या एकाने बोटांचं विचारलं. काकांनी गोष्ट सांगितली, बहुधा हजाराव्यांदा. माल अटकला, मी म्हटलं मशीन बंद करा. "तं मुकादमानं मले दम देल्ला. म्हणे, काढतो का जातो घरी? गाडी उभी हाये."

गिऱ्हाइकं गेल्यावर मी म्हटलं, "काका, तवा तर तुम्ही मला सांगितलं होतं, मुकादम नुसतं म्हणे, हात पाहून काढ. दम दिला असं नव्हतं सांगितलं."

ते पान दुमडत होते. वर न बघता म्हणाले, "तवा मले वाटे, कामावर वापस घेतीन."

मग त्यांनी पान माझ्या हातात दिलं आणि पैसे घेतले नाहीत.